घाबरलेला एक तरी माणूस

३ नोव्हेंबर

सायबर दहशतवाद! हा शब्द आज आवडाबाईंना समजावताना मी वकील असूनही माझीच जीभ अडखळली. त्या मिरकरवाडा बंदरावर मासळी विकतात, मुलगा निहार मोबाईल दुरुस्त करतो. काल त्याला पोलिसांनी उचललं. "माज्या पोरानं बॉम कुठं फोडला गो?" एवढंच विचारत होत्या.

त्यानं केलं काय, तर अकरा बोटींवरचे सरकारी डबे हॅक केले. बोट कुठे आहे ते हा डबा मोबाईलवर दाखवतो. एकाला बांगडा लागला की ते बघून सगळं बंदर तिथे हजर! आमच्याकडे मासळीची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. म्हणून निहारची ही युक्ती — बोट समुद्रात, मोबाईलवर मात्र जेटीला बांधलेली. आणि कलम कुठलं लावलं? आयटी कायद्याचं ६६ एफ. थेट जन्मठेपेचं!

६ नोव्हेंबर

कलम चार वेळा वाचलं. देशाला धोका पोचवायचा, नाहीतर लोकांत दहशत पसरवायची, असा हेतू हवा. इथे हेतू एकच — बांगडा!

पप्पा जेवताना म्हणाले, "पोरगा हुशार हाय गो पूर्वी बाय. सोडव त्याला." आमची बोट त्या अकरात नाही. नशीब!

११ नोव्हेंबर

तारीख पुढे गेली. वैताग.

१४ नोव्हेंबर

जिंकले! जिंकले!!

मी सरकारी वकिलांना सरळ म्हटलं, "साहेब, दहशत म्हणताय, तर घाबरलेला एक तरी माणूस दाखवा." कोर्टात हशा. प्रथमदर्शनी ६६ एफ लागत नाही — जामीन मंजूर! आवडाबाईंनी पायरीवरच मला कडकडून मिठी मारली. काळ्या कोटाला मासळीचा वास लागलाय, पण तो इतक्यात धुवायचा नाही.

पप्पा तर हवेतच. "जिकलंस गो बाय! उद्या तुला सुरमय." संध्याकाळी बोट घेऊन गेलेसुद्धा.

१६ नोव्हेंबर

काल वारा फिरला. सगळ्या बोटी परतल्या, पप्पांची नाही. शोधायला निघालेल्यांना जागा सांगावी म्हणून मोबाईल उघडला. आमची बोट जेटीला बांधलेली दिसली. मी जेटीवरच उभी होते.

निहार मान खाली घालून म्हणाला, "काकांचा डबा बारावा होता. तुला सांगू नको म्हणाले."

साहेब, घाबरलेला माणूस सापडला.