सासरेबुवांच्या गाडीला टोचन

आदरणीय साडूभाऊ,

दुकानात गिऱ्हाईक नसल्याचा फायदा घेऊन साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खाली जमिनीवर फ्रेमी मांडल्या आहेत.) तुमची पाठ कशी आहे? सासरेबुवांची गाडी हलवण्याचा विषय निघाला की ती धरते, असं ताईंकडून कळलं. हल्ली तो विषय रोजच निघतो, म्हणजे पाठ कायमचीच धरलेली असणार. जपा. सल्ला द्यायला पाठ लागत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

इकडे आम्ही सगळे मजेत. सासरेबुवाही मजेत, आणि अजून आमच्याकडेच. ते खरं तर निघाले होते तुमच्याकडे कायमचे राहायला. वाटेत धाकट्या लेकीकडे चहा घ्यावा म्हणून थांबले, चहा झाला, किल्ली फिरवली आणि गाडी बसली. मग तेही बसले. याला आठ महिने झाले. तीस वर्षं साथ दिलेल्या गाडीला अर्ध्या वाटेत टाकून जाणं त्यांना मंजूर नाही. जिथे गाडी तिथे मी, असं त्यांनी जाहीर केलं आहे आणि गाडी आहे माझ्या दुकानाच्या दारात, पाटीच्या बरोबर समोर. ज्याला चष्म्याची गरज असते त्याला चष्म्याचं दुकान पटकन दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना पेच. आता चांगल्या नजरेच्या लोकांनाही ते दिसत नाही. गाडी दुरुस्त होत नाही, कारण तिचे सुटे भाग बनवणारी कंपनी तिच्याही आधी बंद पडली. क्रेनला लटकवून न्यायला सासरेबुवा तयार नाहीत. तिने काही गुन्हा केलेला नाही, म्हणाले.

अशा वेळी तुम्ही धावून आलात (फोनवरून). एखादी दणकट जुनी जीप किंवा पिकअप विकत घ्या, तिच्यामागे टोचन लावा, गाडी आमच्या दारात आणून सोडा आणि जीप विकून टाका. किती सोपं! एक बंद पडलेली गाडी हलवायला बंद पडायच्या बेतात असलेली दुसरी गाडी घ्यायची, हे आमच्या डोक्यात आलंच नसतं. (गाडीला गाडी बांधून ओढत नेण्याला गॅरेजवाले टोचन म्हणतात. हा शब्द टोचण्यावरून आला असावा असा माझा समज होता, आणि अनुभवाने तो पक्का झाला आहे.)

मी कामाला लागलो, त्यात माझा स्वार्थ होता हे कबूल. गाडी तुमच्या दारात गेली की सासरेबुवाही तुमच्या दारात. तुम्हाला कल्पना नसेल, पण वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसला की काय होतं! गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, हे ती हातातून घेतात, तळव्यावर तोलतात आणि एवढ्याशा तारेचे एवढे पैसे, असं स्वतःशीच म्हणतात. स्वतःशी म्हणजे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं. अक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ झाला आहे आणि अडलेल्या म्हाताऱ्यांना ते मागून अक्षरं सांगतात. तिघांना मी बिननंबरी काचा लावून दिल्या, ते नंतर भांडायला आले.

तुमच्या सल्ल्यांना मात्र तोड नाही. आधी म्हणालात डिझेलच घ्या. डिझेलची मिळाली तर म्हणालात चारही चाकांना जोर देणारी बघा. तशी मिळाली तर तिची लांबी कमी, मागची गाडी तिला हलवून सोडेल. लांब पिकअप मिळाली तर पिकअप मागून हलकी, त्यापेक्षा जीप बरी. दरवेळी मी इसार द्यायला खिशात हात घातला की तुमचा फोन यायचा. योगायोगच म्हणायचा. सासरेबुवा तुमच्या दारी लवकर पोचू नयेत असं तुमच्या मनात आहे, अशी शंका हिने बोलून दाखवली. मी तिला गप्प केलं. तुमच्याविषयी घरात वाकडं बोललेलं मला चालत नाही, ते मी स्वतः पत्रातून बोलतो.

मग दर रविवारी मी आणि सासरेबुवा जुन्या गाड्यांच्या आवारात. आवाराच्या मालकाला सगळे मामा म्हणतात, पण मामा बनतं ते गिऱ्हाईक. तिथली प्रत्येक गाडी डॉक्टरांनी वापरलेली, आणि तीही फक्त रविवारी. (आठवडाभर हे डॉक्टर दवाखान्यात चालत जात असावेत.) एका पिकअपचा मालक सर्जन होता म्हणे. मागचं फळकूट उघडलं तर आत कोंबड्यांची पिसं. सासरेबुवांनी शांतपणे विचारलं की ऑपरेशनं कोणाची करायचे. प्रत्येक गाडीपाशी ते वजनाचा दाखला मागत आणि मामाचा चेहरा पडे. त्यांचा नियम एकच: ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड हवा, नाहीतर उतारावर मागचा पुढच्याला ढकलत नेतो. हे सांगताना ते माझ्याकडे का बघतात ते कळत नाही. परतताना आम्ही टपरीवर चहा घ्यायचो आणि मामाची नक्कल करायचो. ते फार छान करतात. तुम्ही पाहिली नसेल.

शेवटी एक जीप पसंत पडली. वजनदार, मागे हुक बसवलेला, रंग जाऊन जाऊन सगळीकडे सारखा झालेला. मी मामाला स्पष्ट विचारलं, ओढते ना? ओढते की, तो म्हणाला. खूप ओढते का? खूप, म्हणाला. माणूस खोटं बोलला नाही, हे मला मान्य करावंच लागेल. जीप ओढते. डावीकडे ओढते. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की डाव्या बाजूचा माणूस जीव मुठीत धरून फुटपाथवर चढतो.

हे कळलं तेव्हा मागे टोचन लागलेलं होतं. मी जीपमध्ये, सासरेबुवा मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून, डोक्याला टोपी. बेत होता सरळ बाजारापर्यंत जाऊन यायचा. जीप पहिल्याच कोपऱ्यावर डावीकडे वळली. मी म्हटलं, असू दे. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. शिंप्याच्या दुकानावरून डावीकडे, शाळेच्या भिंतीवरून डावीकडे, आणि चार वेळा डावीकडे वळलं की माणूस आपल्याच दारात येतो, हे मला त्या दिवशी कळलं. सासरेबुवा खिडकीतून हात काढून प्रत्येक वळणाचा इशारा देत होते, जसं काही सगळं ठरवूनच चाललं होतं. मी शरमेने खाली उतरलो. ते उतरले, टोपी झटकली आणि म्हणाले, "जावईबापू, आज मजा आली. उद्या उजवीकडनं जमतंय का बघू."

त्यानंतर आम्ही रोज दुकान बंद झालं की फेरी मारायचो. शिंपी हात करायचा. पण हिने कान उपटले, वडिलांना पोचवायचं आहे की फिरवायचं आहे, असं विचारलं. म्हणून परवा जीपची चाकं सरळ करून घेतली. आता ती नाकासमोर चालते. येत्या रविवारी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत दोन्ही गाड्या आणि सासरेबुवा तुमच्या दारात हजर करतो. आठ महिन्यांच्या मार्गदर्शनाबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. पाठीला शेक घेत जा.

तुमचा आज्ञाधारक (दुसरा इलाज नसल्याने),
धाकटा साडू

ता. क. तुमच्या दारात गाडी लावायला जागा आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. ताई म्हणतात भरपूर आहे, वर आणखी एक टेम्पो मावेल.

ता. क. दुसरा. जागा नाही असं कळवा. पत्र सासरेबुवांच्या नावे पाठवा आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका. गटाराचं काम काढलंय म्हणा, भिंत बांधतोय म्हणा. कारणं काढण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. ताई रागावतील. त्यांना म्हणावं, महिन्यातून एकदा मी आणि सासरेबुवा जीपने भेटायला येऊ. काल सासरेबुवांनी कपडे बॅगेत भरले आणि मी दिवसभर लोकांचे चुकीचे नंबर काढले. त्यांच्याशिवाय मला करमणार नाही, हे मी हिलासुद्धा सांगितलेलं नाही. गाडी निवडायचे एवढे सल्ले दिलेत साडूभाऊ, पण ती आपल्या दारातून काय ओढून नेणार आहे ते आधी बघून घ्या, एवढा एक द्यायचा विसरलात.