चादरीचं दुसरं टोक

शनिवार, ता. ४

प्रिय सूनबाईस,

तुम्हा दोघींना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तीन वर्षांच्या पोरांबरोबर रोज बेडूकउड्या मारणाऱ्या बाईचा गुडघा गप्प बसला तरच काळजी करायची. खालच्या मजल्यावरची मंडळी घर सोडून गेली. आता मी घरात कितीही पाय आपटले तरी तक्रार करायला कोणी येत नाही. आधी त्यांचा राग यायचा, आता जिन्यात पावलं वाजली की कान टवकारते.

भिंगरी नव्या बालवाडीत भिंतीला चिकटून उभी राहते, उडी मारत नाही, गाण्यात टाळी देत नाही, असं लिहिलंस. इथे घरभर गरगर फिरायची म्हणून तर आपण तिला भिंगरी म्हणायला लागलो. तरी घाबरू नकोस. घर बदललं, शाळा बदलली, पोरीला थोडा वेळ दे. तिच्या बाई तिला ओढून गोलात बसवत असतील तर त्यांना माझ्यातर्फे गोड शब्दांत सांग, ओढू नका. भिंतीला टेकलेलं मूलसुद्धा खेळत असतं, फक्त डोळ्यांनी. माझ्या वर्गात एक गप्पूबाई आहे. हे नाव आम्ही ठेवलंय, कारण पहिले कित्येक दिवस ती एक अक्षर बोलली नाही. घरी जाऊन मात्र आईला सगळी गाणी हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायची.

तू खेळ विचारलेस, ते सांगते. उडी जमिनीवर शिकवू नकोस. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरताना तिचे दोन्ही हात धर आणि मारू दे. काही दिवसांनी एकच हात धर. मग नुसतं बोट. मग बोट जवळ ठेव, पण धरू नकोस. तिला कळणारही नाही कधी सुटली ते.

पातेलं आणि चमचा घे. हळू वाजवलंस की तिने हत्तीसारखं चालायचं, भरभर वाजवलंस की धावायचं, आणि वाजणं थांबलं की जशी असेल तशी उभं राहायचं. पाय वर असेल तर वरच. शेजारी डोकं धरतील, धरू देत. पोरांना थांबणं सगळ्यात जड जातं, आणि त्यातच त्यांना सगळ्यात जास्त मजा येते.

गाणं म्हणताना शेवटचा शब्द गिळून टाक आणि तिच्याकडे बघत थांब. तो शब्द तिने म्हणायचा. तुला मी ओळखते, तू घाईची आहेस, तूच म्हणून मोकळी होशील. तसं करू नकोस. थांब. शब्द आला नाही तर मान हलेल, ओठ हलतील. तेवढंही पुरे.

चादरीचा खेळही विचारलास. तो सध्या राहू दे. पोराला चादरीत घालून झुलवायला दोन मोठी माणसं लागतात.

पालकसभेत मी हे सगळं घडाघडा बोलते आणि घरी आले की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडत नाही, म्हणून तुझ्यापुढे एवढं पाल्हाळ लावलं.

तुझ्या पत्राचं शेवटचं पानही वाचलं. चष्म्याच्या दुकानातल्या त्या गृहस्थांनी तुला लग्नाचं विचारलं, आणि तू त्यांना सांगितलंस की माझ्या सासूबाई हो म्हणाल्या तरच पुढे बोलू. हे तू माझ्या गळ्यात का अडकवलंस? माझा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. तू तुझ्या पायावर उभी आहेस, तुझी तू ठरवू शकतेस. मी काय बोलणार. बघू. विचार करून लिहीन. भिंगरी त्यांच्याकडून बुटाचे बंद बांधून घेते, ते वाक्य मी दोनदा वाचलं.

दोघी जपून राहा.

आई


गुरुवार, ता. २३

प्रिय सूनबाईस,

दोघींना आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपण किती हुशारीने बोललो. भिंगरीचा खोकला झाला, माझा गुडघा झाला, तुझ्या ऑफिसची नवी वेळ झाली. जे बोलायचं होतं त्यावर दोघीही मूग गिळून बसलो. भिंगरीने फोनजवळ पातेलं वाजवून दाखवलं आणि मध्येच थांबली. मी इकडे स्वयंपाकघरात एक पाय उचललेला, तशीच उभी राहिले. तिला काही दिसत नव्हतं, तरी उभी राहिले. मग तू फोन घेतलास, "बरं आई, ठेवते," म्हणालीस, आणि ठेवलास. पाय खाली टेकवायला मला जरा वेळच लागला.

परवा वर्गात एक गोष्ट झाली, ती सांगते. मदतनीस ताई रजेवर होती आणि पोरांनी चादरीचा हट्ट धरला. मी नाही म्हणेपर्यंत गप्पूबाई चादर अंथरून मधोमध आडवी झालेली. जी पोरगी इतके दिवस भिंत सोडत नव्हती, तिला ऊठ कसं म्हणू? मला भलतीच अक्कल सुचली. दोन टोकं खिडकीच्या गजांना पक्की बांधली, दोन माझ्या हातात घेतली. खाली गादी होती, उंची वीतभर, पडायची भीती नव्हती. गाणं सुरू केलं आणि झोका दिला.

झोका बसेना. तुला आठवत असेल, दोन माणसं धरतात तेव्हा एकाने उचललं की दुसऱ्याचा हात आपोआप सैल पडतो. गज कसले सैल पडतात? प्रत्येक फेरीला हिसका. मी गाणं हळू केलं, पाय बदलले, काही फरक नाही. गप्पूबाई रडली नाही. तिने मान मागे टाकली आणि डोक्याकडचं टोक कोणी धरलंय ते बघितलं.

"तिकडे कोण आहे?" तिने विचारलं.

"खिडकी," मी म्हटलं.

"तिला गाणं येत नाही," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

मी हसले. पोरांना गोलात बसवलं, टाळ्यांचं गाणं घेतलं, वेळ भरून काढली. पोरं गेल्यावर गाठी सोडायला गेले तर सुटेनात. तिथेच गादीवर बसले आणि पोटभर रडले, ते सांगायला लाज कशाला. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा, "डोळ्यात काहीतरी गेलं," म्हटलं. तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन आला.

आपली हिरव्या पट्ट्यांची चादर आठवते ना? एक बाजू तू धरायचीस, दुसरी तो, आणि गाणं माझ्याकडे. तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. आई संगीताची बाई असून त्याला कधी एक ठेका धरता आला नाही. गाण्यात कुठेही उचलायचा, आणि भिंगरी नेमकी तिथेच खदखदून हसायची. तो गेल्यावर एका संध्याकाळी तिनेच ती चादर ओढत आणली. त्याची बाजू मी हातात घेतली. आपल्या दोघींच्याही तोंडून गाणं फुटेना, तेव्हा तिने आतूनच टाळ्या वाजवून सुरुवात केली होती.

तेव्हापासून मी धरून चालले की ते टोक आता माझं. तुझी बदली झाली, तुम्ही दोघी गेलात, मी चादर घडी करून कपाटात ठेवली, तरी माझंच. म्हणून तुझं पत्र वाचून मला राग आला. माझ्या मुलाच्या जागी कोणी येणार, याचं वाईट वाटलं. माझ्या जागी कोणी येणार, हे मात्र त्याहून जास्त झोंबलं. आईने असं लिहू नये, पण आहे ते असं आहे.

आणि मला भीती वाटते. या वयाची मुलं विसरतात. वर्षभर माझ्या मांडीवर बसलेली पोरं वरच्या वर्गात गेली की जिन्यात मला बघून आईच्या मागे लपतात. त्यांचं चुकत नाही, ती वाढत असतात. पण भिंगरीने तसं केलं तर मी काय करू, ते मला ठाऊक नाही. इतके दिवस तुला उत्तर न लिहिण्याचं कारण एवढंच होतं. त्या माणसात खोट काढायला मी कुठे त्यांना ओळखते?

चादर धुऊन, इस्त्री करून या पत्राबरोबर पाठवते आहे. चष्मेवाल्यांना सांग, टोक मनगटाभोवती एकदा गुंडाळून घ्यायचं, म्हणजे निसटत नाही. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. गुडघ्याच्या वर चादर न्यायची नाही. लक्ष चादरीकडे नको, तिच्या तोंडाकडे. गाणं थांबलं की झोका थांबवायचा आणि ती मागेपर्यंत पुन्हा द्यायचा नाही. ताल नसला तरी चालेल म्हणावं, आपल्या घरात तो कधी कुणी मागितला नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर हेच. हो.

तारीख ठरली की कळव, मी रजा टाकून येईन. आल्यावर माझ्या हातात टोक देऊ नका. मी जवळ बसून गाणं म्हणेन, आधी माझ्याकडे तेच काम होतं. शेवटचा शब्द भिंगरीसाठी सोडून थांबेन. तिने म्हटला तर म्हटला.

तुम्हा तिघांना आशीर्वाद.

तुझी,
आई