उशीच्या अभ्र्यावरचं नाव

माय, तू जाऊन तीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं समज. नात मोबाइलवरचा एक खेळ बनवते आहे, जुन्या धाटणीचा. त्यातल्या ‘सुरू’, ‘थांबा’, ‘पुन्हा’साठी तिला चौकोनाचौकोनांची मराठी अक्षरं हवी होती, आणि मनासारखी कुठे मिळेनात. मी म्हटलं, चौकटीची वही आण. दोन महिने बसून एकेक अक्षर पेन्सिलीनं भरलं. भरताना तुझी आठवण यायची आणि पेन्सिलीचं टोक मोडायचं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आपण नांदुऱ्याला स्टेशनजवळ राहायचो आणि मी तेरा वर्षांची होते. गणिताच्या वहीतल्या चौकटी काळ्या करून मी माझं नाव बसवलं. गोलाई काही केल्या जमेना. मग कोपऱ्यातली एक चौकट रिकामी सोडली, तर अक्षर आपोआप वळलं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तेच नाव मी मॅटीच्या, म्हणजे जाड चौकटीच्या विणीच्या कापडाच्या अभ्र्यावर लाल दोऱ्यानं भरलं, फुलीच्या टाक्यात, पंधरा दिवस खपून. शाळेतून येते तर तू चुलीपुढे बसली आहेस, मांडीवर अभ्रा, हातात बाबांचं दाढीचं पातं, आणि एकेक फुली उसवते आहेस.

“काऊन उसवून राह्यली माय?”

“लगनात नाव बदलते. मंग सासरचे इचारतीन, उशीवर हे कोन आहे? त्यायले काय सांगशीन?”

“मी नाही नेत तिकडे. मले ठेवू दे.”

“तोंड चालवू नको. भाकर खाय.”

मी भाकरी खाल्ली नाही. दोरा तू चुलीत टाकलास. पुढे माझ्या लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा तू शेजारी उभी राहून हसत होतीस. तेही मी विसरलेले नाही.

काल ती सगळी अक्षरं संगणकात भरून नातीनं विचारलं, “आजी, फॉन्टला नाव काय देऊ?” मी माझं लग्नाआधीचं नाव सांगितलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तिनं ते टाइप केलं. पडद्यावर उमटलं, लाल, माझ्याच अक्षरांत, तीच कोपऱ्यातली चौकट रिकामी. आता उसव, म्हटलं मनात. हे तुला ऐकवायचं म्हणूनच पत्र लिहायचं ठरवलं होतं.

मग पोरगी सहज म्हणाली, “आता पणजीचं टाकू. तिचं आधीचं नाव काय होतं?”

मामा तुला बाई म्हणायचे. बाबा कशानंच हाक मारत नसत. पोरगी बोटं टेकवून थांबली होती, आणि मी चष्मा पुसत बसले.

हे पत्र त्या चौकटीच्या वहीतच राहील. तुझं आधीचं नाव मला माहीत नाही, माय. मी कधी विचारलंच नाही.