गोडीचा पुडा आणि शेवटची ओळ

३ तारीख, सोमवार

चि. खारूताई हिस,

आशीर्वाद पुष्कळ. आम्ही बरे आहोत, म्हणजे मी बरी आहे. तुझ्या आजोबांची साखर चढलीय आणि सोबत पाराही.

तू सांगितलंस म्हणून घरातली साखर बंद केली आणि मध आणला. चहात मध, दुधात मध, पावावर मध. फुलांचा रस तो, कारखान्यातला नव्हे, मला वाटलं औषधच. आजोबा तर बरणीत बोट घालून चाटायचे, अस्वल परवडलं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात साखर उतरली नाही तर रोज सुई.

जन्मभर बेकरीच्या भट्टीत हात घालणारा माणूस, सुईचं नाव ऐकून दवाखान्याच्या बाकावरून घसरला. कंपाउंडरने तोंडावर पाणी मारलं. रोज सुई म्हणजे रोज हा तमाशा, आणि उचलणार कोण? माझी कंबर आधीच गेलेली. तू इस्पितळात रोग्यांना काय खावं ते सांगतेस ना, मग घरच्या रोग्याचंही बघ.

लोभ आहे तेवढा पुरे, त्यात मध घालू नकोस.

तुझी आजी


९ तारीख

ती. आजीस,

शि. सा. न. पत्र वाचून हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

अगं, मध फुलांचा असला तरी पोटात गेल्यावर साखरच तो. खजुराचंही तेच. झाडापानांचं म्हणजे निरुपद्रवी असं नसतं, आणि कारखान्यातलं म्हणजे विषच असंही नसतं. साखरेऐवजी चहापुरती टाकायची गोड गोळी रक्तातली साखर वाढवत नाही. वर्षानुवर्षं भरपूर खाल्ली तर काय होतं, यावर मात्र शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. खरं औषध एकच, गोडाची सवय मोडणं.

गोळी बघून आजोबा तोंड फिरवतील, म्हणून सोबत एक पुडा पाठवते. झाडाच्या लाकडापासून काढलेली गोडी आहे, दिसायला थेट साखर, पण रक्तातली साखर फारशी चढत नाही. आजोबांना सांग, सुई मुंगीएवढीच चावते.

लोभ असावा, आणि पुडा चिमटीने वापर, वाटीने नव्हे. जास्त गेला तर पोट धावतं.

तुझी खारूताई


१७ तारीख

चि. खारूताई हिस,

आशीर्वाद देते, पण दातओठ खाऊन.

पुडा मिळाला. झाडाची गोडी हे वाचून जीव सुखावला. बुधवारी आजोबांचा पत्त्यांचा अड्डा आमच्याकडे होता. न्हावी, शिंपी आणि पेन्शनीतले पोस्टमास्तर. म्हटलं, कळू दे लोकांना आमची नात किती शिकलीय. अख्ख्या पुड्याचा केक केला. सगळ्यांनी बोटं चाटली. शिंप्याने तर मागून घेतला.

दुसरा डाव वाटला आणि न्हावी पत्ते टाकून उठला. मला वाटलं, पानं वाईट आली. मग शिंपी उठला. मग पोस्टमास्तर, जे उभ्या आयुष्यात कधी धावले नाहीत. घरात संडास एक. आजोबांनी मालकीहक्काने आत शिरून कडी लावली ती लावलीच. बाहेर न्हावी दार बडवतोय, शिंपी गळ्यात टेप घेऊन नाचतोय, आणि पोस्टमास्तर पोट धरून सगळ्यांना रांग लावायला सांगताहेत. मी मागच्या दाराने शेजारणीकडे पळाले. हो, मीही खाल्ला होता. करणारणीने चाखू नये का?

तू आधी कळवलं नाहीस म्हणून शिव्या घालायला तुझं पत्र पुन्हा काढलं, तर तंबी शेवटच्या ओळीत! अगं, शेवटची ओळ कुणी वाचतं का? तिथे लोभ असावा असतं. आजवर एकाही पत्राची मी वाचलेली नाही. जिवावरची गोष्ट कुणी लोभाच्या शेपटीला बांधतं?

लोभाचं नंतर बघू, पोट ठिकाणावर आल्यावर.

आजी


३० तारीख

ती. आजीस,

आधी कामाचं: नवा रिपोर्ट आला की पहिल्या ओळीत लिही, सुई लागली की टळली. नमस्कार मागाहून.

तुझं पत्र मी इस्पितळात मोठ्याने वाचलं. आमच्या मोठ्या सिस्टर हसता हसता स्टुलावरून पडल्या. पण खरं सांगू, आजोबा बाकावरून घसरलेले काही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. चुकले मी. यापुढे काम वर, लोभ खाली.

तुझी खारूताई


६ तारीख

चि. खारूताई हिस,

आशीर्वाद. घाई करू नकोस, पत्र सावकाश वाच.

शेजारणीची मांजर व्याली. पोस्टमास्तर हल्ली आमच्याकडे पाणीसुद्धा हुंगून पितात. न्हाव्याने आजोबांचे केस कापताना एक बाजू साफ भादरली आणि वर म्हणाला, कडी लावल्याची भरपाई. आजोबांचं तर गोडावरून मनच उडालं. समोर बशी आली की आधी संडासाच्या दाराकडे बघतात. माझ्या हातच्या कुठल्याच डब्यावर विश्वास नाही, म्हणून चहा बिनसाखरेचा पितात. तोंड वाकडं करतात, पण पितात. जे तुझ्या शास्त्राला जमलं नाही ते माझ्या केकने केलं.

परवा दवाखान्यात गेलो. मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले होते. प्रेमाने नव्हे, पडले तर माझ्या अंगावर पडतील म्हणून. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग आजोबांकडे बघितलं. मग त्यांच्या अर्ध्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं.

तुझी आत्या येऊन गेली. पडदे धुतले. बाकी विशेष काही नाही.

लोभ असावा, साखर उतरली, सुई टळली. कळलं ना आता, शेवटच्या ओळीपर्यंत जीव टांगला की कसं होतं ते?

तुझी आजी