पुढच्या डब्याचा मान

मांडवगण फराटा,
सोमवार

ती. ज्ञानदेवमामा यांस,

मोनालीचा नमस्कार, आणि मामींना थोडा जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त आबा काल रात्री पलंगाची कड घट्ट धरून झोपले होते (कारण पुढे येईलच). फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझी गोष्ट निम्म्या दौंडला ऐकू जाते. म्हणून हे पत्र.

खुटबावच्या बैठकीत हौसरावआप्पांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, सांगितलं की लग्नानंतर कुरकुंभची नोकरी बंद, आमची सून शिफ्टला जाणार नाही. तुम्ही मध्यस्थ. मी चहाचा ट्रे धरून आशेनं तुमच्याकडे बघत होते, आणि तुम्ही म्हणालात, "बघू पुढं." मामा, कसलीही अडचण आली की तुम्ही हे दोन शब्द टाकता आणि चकली उचलता. मला राग आला होता, अजून आहे. पृथ्वीराज चांगला आहे, घर चांगलं आहे, आणि कंपनीच्या लॅबमधली नोकरी मी माझ्या हिमतीवर मिळवली आहे. मला तिन्ही हवेत.

शेवटी पृथ्वीराजनंच डोकं लढवलं. दोन्ही घरांना रविवारी घाटाखालच्या पार्कात न्यायचं, म्हणजे मोठी माणसं जरा सैल होतील. तिथं 'गरुडझेप' नावाचा रोलर कोस्टर आहे. रांगेत पृथ्वीराजनं त्याचा इतिहास लावला: आधी रशियात बर्फाच्या घसरगुंड्या होत्या, मग लाकडी रूळ आले, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोलादी नळ्यांचे रूळ निघाले, तेव्हापासून माणसाला उलटं फिरवायची चांगली सोय झाली. हा कोस्टर परदेशात दोन ठिकाणी चालून, सुटा होऊन, बोटीनं इकडे आला आणि नवा रंग लावून उभा राहिला, असं पाटीवरच लिहिलं होतं. आप्पांनी इतिहासातलं तेवढंच उचललं. "म्हंजी तिसऱ्या मालकाचा हाय," असं म्हणून त्यांनी खांबाला लाथ मारून बघितली (जुना ट्रॅक्टर घेताना टायरला मारतात तशी), आणि तिथल्या गणवेशवाल्याला विचारलं, मशीन किती तास चाललंय, इंजिन खोललंय का. तो बिहारचा. "बैठिए चाचा," एवढंच म्हणाला.

खरा घोळ बसताना झाला. आबांच्या मते पुढचा डबा म्हणजे मानाचा, व्याह्यांना मागं कसं बसवायचं? "आप्पा, तुम्ही म्होरं." "न्हाई पाव्हणं, मान तुमचा." दोघं एकमेकांचे दंड धरून आग्रहानं ढकलतायत आणि मागची रांग शिट्ट्या मारतेय. तेवढ्यात आबांनी एकदा मान वर करून रूळ कुठं जातो ते बघितलं, आणि टोप्या सांभाळायला खाली कुणीतरी पाहिजे म्हणून दोघांच्याही टोप्या घेऊन पसार झाले. पुढच्या डब्यात उरलो आप्पा आणि मी, पृथ्वीराज मागं. (सासऱ्यांसमोर खाली मान घालून बस, असं आईनं बजावलं होतं. मान आपोआप खाली होते, हे तिला माहीत नव्हतं.)

साखळीवर कटकट करत चढताना आप्पा निवांत होते, खालच्या कुठल्या शेतात पाणी तुंबलंय ते मला दाखवत होते. टोकाला गाडी जरा रेंगाळली तेव्हा त्यांनी विचारलं, "ब्रेक कुठं हाय?" मी म्हटलं, आप्पा, तो आपल्याकडं नसतो. मग खालची जमीनच गेली. डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला इतकं हसू फुटलं की धड ओरडताही येईना. आप्पांनी आधी जेजुरीच्या खंडोबाला हाक मारली, मग ज्योतिबाला, मग थेट पृथ्वीराजच्या आईला. पहिल्या कोलांटीत त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या कोलांटीत, डोकं खाली आणि पाय आभाळात असताना, मी विचारून घेतलं, "आप्पा, माझी शिफ्ट?"

"कर," आप्पा ओरडले, "तिन्ही शिफ्टा कर, पर ह्ये थांबीव."

थांबल्यावर ते कठड्याला धरून उभे राहिले. आबांकडून टोपी घेतली, नीट बसवली. मग म्हणाले, "परत." त्यानंतर पार्क बंद होईपर्यंत ते काही आमच्या हाती लागले नाहीत, आणि शेवटच्या फेरीला तर त्यांनी आबांनाही ओढत नेऊन शेजारी बसवलं.

येताना मी शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणाले, उलटं टांगून घेतलेला शब्द धरत न्हाईत, काय बोलायचं ते मध्यस्थासमोर बोलू.

तब्येतीला जपा. रविवारपर्यंत तरी जपाच.

तुमची भाची,
मोनाली

ता. क. आप्पा येत्या रविवारी परत निघालेत. नवरीला मांडवात मामा आणतो, तर पुढच्या डब्याचा मानही नवरीच्या मामाचाच, असं त्यांनी ठरवून टाकलंय. तुम्ही त्यांच्या शेजारी. गुडघ्याची सबब सांगू नका, तिथं गुडघ्याचं काही काम नसतं.

आणखी ता. क. आप्पांनी माझा हात धरला असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मीच घाबरून त्यांचा धरला होता, आणि गाडी थांबली तरी त्यांनी तो सोडला नाही. मामा, मला हे घर गमवायचं नाही आणि नोकरीही सोडायची नाही. तेव्हा डबा टोकाला पोचायच्या आत माझ्या बाजूनं स्पष्ट बोला. "बघू पुढं" तिथं चालणार नाही. टोकावरून पुढं बघितलं तर रूळच दिसत नाही.