केप्लरचा निवद

ता. ३ नोव्हेंबर १९३०, सोमवार

शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांचं पत्र! जर्मन देशचा गणिती केप्लर वारला त्याला या पंधरा तारखेस तीनशे वर्षं होतात, सबब शाळेत पुण्यतिथी करावी, गावाची हजेरी घ्यावी, अहवाल पाठवावा. अख्ख्या इंदापूर तालुक्यात केप्लरचं नाव ठाऊक असलेला मी एकटाच, असं आजवर धरून चाललो होतो. आता साहेब दुसरे निघाले. जरा वाईटच वाटलं.

माझ्याजवळ त्याचं चरित्र आहे. म्हणजे पाऊण चरित्र. इंदापूरला गुलजारभाईंच्या दुकानात रद्दीत आलं होतं, मी पोचेपर्यंत त्यांनी पुड्या बांधायला घेतलेल्या. उरलं ते उचललं. काही पानं अजून तिथंच खिळ्याला टोचलेली आहेत.

ता. ४

मोहनराव पाटलांना पत्र वाचून दाखवलं. 'जेवान काय करायचं?' म्हणाले. जेवण नाही, ग्रहांवर भाषण आहे, असं मी सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. 'मेल्या मानसाचं त्येच्या दिवशी नाव घ्यायचं आन् उपाशी लावून द्यायचा? तीनशे वर्सांचा भुकेला जीव. शाळंतच बसंल की ठाण मांडून.'

झालं. निवद ठरला. वडे, खीर, आमटी. आधी कावळा शिवणार, मग गावाची पंगत. तोवर कुणी घास तोंडात घालायचा नाही. मग भाषण केव्हा? 'कावळा येईस्तवर बोला की.'

ता. ६

शाळेमागच्या बनाबाईकडे नेहमीसारखा जेवलो. एकटी विधवा बाई, दोन वर्षं माझी भाकरी तीच करते. जेवण झालं की पितळी दगडावर तीनदा वाजवते, आणि एक बोट नसलेला कावळा उरला तुकडा न्यायला येतो. अगदी घड्याळासारखा.

आज म्हणाली, पाटलाचा बैल मेला. वाईट झालं, म्हटलं. 'वाईट माजंच हुनार. बैल मरायच्या आदी कावळा माज्या छपरावर बसला हुता म्हनं.' मी हसण्यावारी नेलं.

ता. ८

हसण्यासारखं नाही. चावडीवर ठरलं — बनाबाई चेटकीण, तिला अमावास्येला गावाबाहेर काढायची. म्हणजे वीस तारीख. मी काही बोलणार एवढ्यात पाटीलच म्हणाले, 'मास्तर, तुमी तिच्या हातचं खाता. तुमाला काय झालं न्हाय?' सगळी चावडी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

मी म्हणालो, 'पोटात जरा दुखतं अलीकडं.'

का म्हणालो असं? काही दुखत नव्हतं. जीभ झडली कशी नाही माझी.

ता. ९

स्वतः भाकरी थापली. गोल होत नाही. लंबवर्तुळ होतं. केप्लरला पसंत पडली असती, मला गिळवली नाही. शाळेत जाताना बनाबाईचं दार टाळून ओढ्याकडून गेलो. शरम वाटते.

ता. ११

वरकुट्याहून भटजी आबाजी जोशी आले. तिथी विचारली. तीनशे वर्षांमागचं पंचांग त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. तारखेवर भागवू म्हणाले. गोत्र? ठाऊक नाही. 'मग कश्यप.' केप्लर कश्यपगोत्री झाला!

'बाप, आजा, पणजा?' बाप हाइनरिख, सांगितलं. पुढचं पान नाही. आजोबा आणि पणजोबा इंदापुरात कुणाच्या तरी घरी हळदीच्या पुडीत असणार. जोशीबुवा गंभीरपणे म्हणाले, 'असू दे. तेवढं पुटपुटू.'

ता. १२

शाळा सुटल्यावर बैलगाडीनं इंदापूर. गुलजारभाईंनी खिळ्यावरची पानं काढून दिली. एकात आधीच मिरचीपूड बांधलेली, ती दुसऱ्या कागदात ओतून दिली. भला माणूस. चित्रही मिळालं, मोठी दाढी, गळ्याभोवती चुण्यांची पांढरी पट्टी. गुलजारभाई बराच वेळ निरखत होते. 'दाढीवरनं आमच्यातला वाटतोय. मीबी येतो, फातेहा पढतो. ज्येचा आसंल त्येला पोचंल.'

परत येताना मिरचीचं पान वाचलं. केप्लरच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला होता! चौदा महिने कोठडीत, साखळदंडात. हा ग्रहांचं गणित टाकून धावत गेला, तिची बाजू स्वतः लिहून काढली, तिला सोडवली. बाहेर आल्यावर सहा महिन्यांत ती गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीनं, असं गाडीवानाला सांगितलं.

ता. १३

ओढ्याकडून, मागच्या दारानं, बनाबाईकडे गेलो. पान वाचून अर्थ सांगितला. तिनं हातातलं काम थांबवलं. 'ल्योक हुता म्हून सुटली न्हवं?' हो, म्हटलं.

'भासनात ह्ये सांगनार तुमी?'

बघतो, म्हणालो. निवद किती वाजता ठेवणार, एवढं तिनं विचारलं. मग भाकरी वाढली आणि मी खाल्ली. बघतो म्हणजे नाही, हे तिला कळलं असणार.

ता. १५, शनिवार

सगळं लिहितो.

पटांगणात दोन खुंट्या ठोकल्या, दोरी लावून चुन्यानं लंबवर्तुळ आखलं. एका खुंटीपाशी, सूर्याच्या जागी, निवदाचं पान. पाटावर केप्लरचं चित्र, हळदकुंकू, झेंडूचा हार. एका बाजूला गुलजारभाई डोक्याला रुमाल बांधून बसले, दुसऱ्या बाजूला जोशीबुवा पुटपुटले. बाराला निवद ठेवला, मी भाषणाला उभा राहिलो.

पहिला नियम झाला. कावळा नाही. दुसरा झाला. नाही. तिसरा मलाच नीट कळलेला नाही, तोही दोनदा सांगितला. समोर दीडशे माणसं, वड्यांचा वास, पोरं रडायला लागलेली, आणि आभाळात कावळा म्हणून नाही. सकाळपासनंच दिसंना, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा लोक चपापले.

पाटील हात जोडून उठले. 'केपलरबाबा, तुमचं गिरह आमी नीट सांभाळू.' काही नाही. 'शाळंवर पत्रा घालू.' काही नाही. 'पोरास्नी इंग्रजी शिकवू.' पोरं आणखी रडली.

जोशीबुवांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ते माझ्यावर खेकसले, 'मास्तर, चरित्र तुमच्यापाशी! त्याचा जीव कशात अडकला ते सांगा. वडे गार झाले.'

खिशातलं मिरचीचं पान काढलं आणि वाचलं. म्हातारी, साखळदंड, चौदा महिने, सगळं. शेवटी म्हणालो, 'आपल्या आईवर आलं ते दुसऱ्या कुठल्या बाईवर येऊ नये, एवढंच त्याचं राहिलं असेल.' म्हणालो एकदाचं.

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं की लांबच्या गावाची बदली मला समोर दिसली. मग त्यांनी वड्यांकडे पाहिलं. मग पंगतीकडे. पंगत त्यांच्याकडेच बघत होती. मागून कुणी बाई म्हणाली, 'बोला की वो पाटील, ल्हान पोरं हाइत.'

पाटील चित्राकडे वळले. 'बनाबाईला कुनी बोल लावनार न्हाय. गावाभाईर काडनार न्हाय. आई हाय ती आमची. झालं?'

शाळेच्या भिंतीपलीकडं भांडं वाजलं. आणि कावळा आला! चुन्याच्या रेघेवर उतरला, चालत चालत सूर्यापाशी गेला आणि खिरीत चोच घातली. मला नीट दिसलंही नाही, डोळे भरून आले होते. पाटील चित्रापुढं आडवे झाले. 'केपलरबाबाच्या नावानं चांगभलं' असा गावभर घोष झाला. गुलजारभाईही त्यात होते. वडे गारच खाल्ले सगळ्यांनी.

ता. १७

अहवाल लिहिला. उपस्थिती एकशे बावन्न, नियम तीन सांगितले, केप्लर तृप्त झाले. शेवटचं खोडलं. पुन्हा लिहिलं.

पाटील वाटेत भेटले. 'मास्तर, ह्या म्हैन्यात आनखी कोन मेलंय का आसं?'

ता. २०, अमावास्या

बनाबाईकडे जेवलो, पुढच्या दारानं. तिनं पितळी तीनदा वाजवली, बोट नसलेला कावळा आला. विचारलं, त्या दिवशी गावातले बाकीचे सगळे कावळे कुठं गेले होते.

'घरातला जुंधळा हुता त्येवडा थापला. पहाटंपासनं ओढ्यापल्याड बसून समद्यास्नी चारला,' ती म्हणाली. 'ह्येला त्येवडा डालग्याखाली उपाशी ठिवला.'

मी माझ्या भाकरीचा तुकडा कावळ्यापुढं टाकला.

'तिला ल्योक हुता, मास्तर. मला ह्योच.'