न निघणारं बूच

३ एप्रिल २०२५, कळंब

आलो बाप्पा एकदाचे. पुसदहून टेम्पो सकाळी सातले निघाला. कपाट, गादी, कुलर, मी, बायको प्रेरणा अन मैनी असे सारे हलत-डुलत दुपारी इथं टेकलो. मैनी म्हणजे आमची अडीच वर्षांची पोट्टी. तिले गाणं एकच येते अन त्याची ओळही एकच येते. ड्रायव्हरचं डोकं पार फिरलं असेल.

अकरा महिने घरी बसून काढले. सासुरवाडीले गेलो का सारे विचारत, काय करून राह्यले आजकाल? आता सांगता येते, टर्नर आहो. देवीलालभाऊचा कारखाना म्हणजे एक टिनाचं शेड, एक लेथ, एक रबराची प्रेस अन फायबरचे टब. टब मांडीइतका उंच. इकडं नळ आठव्या दिवशी येतात, म्हणून न्हाणीत असा टब लागतोच. धुवायसाठी तळाले भोक असते अन भोकाले बूच. भाऊची कटकट त्या बुचाचीच आहे. त्यांनी सांगितलं का असं बूच बनव, जे आपल्या मर्जीबिगर निघालं नाही पायजे. मी म्हटलं, भाऊ, बूचच आहे ना, रॉकेट थोडीच आहे, आठ दिवसांत देतो. मले वाटलं हसतील, पण ते हसले नाहीत.

कारखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या अन न्हाणी दिली आहे. न्हाणीत त्यांचाच टब. एक गंमत अशी, का टब बनवणाऱ्यांच्या या गल्लीत टब कोणीच वापरत नाही! सारे अंगणात उपडे पडले आहेत. एकाखाली कोंबड्या, एकावर पापड. सारे झाकणाचे ड्रम वापरतात. शेजारच्या बिजलीबाईले विचारलं काहून, तर म्हणे आमच्याकडं टब भरलेला राहत नाही बाबू. भाऊ म्हणे, म्हणूनच तुले इथं ठेवलं, इथं टिकलं ते कुठंही टिकते.

प्रेरणानं भिंतीवर फोटो लावले, मैनीनं पाया पडून घेतलं. मी वहीचं पहिलं पान उघडलं. आयटीआयपासूनची सवय आहे, लिहिल्याशिवाय माह्यं डोकं चालत नाही.

५ एप्रिल

आज नळ आले. टब काठोकाठ भरला. बूच जुनंच, वर जाड अन खाली निमुळतं असं रबराचं. यात पाण्याचं वजनच बुचाले खाली दाबते. पाणी जितकं जास्त, तितकं ते घट्ट. म्हणजे ते निघायचं काही कारणच नाही.

साडेबाराले जेवायले आलो तर टब कोरडा. थेंब नाही. अन बूच भोकात नव्हतं, टबाच्या काठावर ठेवलं होतं. कोणी नीट हातानं ठेवल्यासारखं सरळ उभं. आठ दिवसांचं पाणी मोरीत गेलं. मले इतका राग आला का बूच भिंतीवर फेकून मारलं.

प्रेरणा कपडे वाळत घालायले अंगणात होती. घरात मैनी एकटी झोपलेली. बिजलीबाईनं न मागता दोन बादल्या पाणी आणून दिलं. काय झालं ते तिनं विचारलंच नाही. शेजारीण असून विचारत नाही म्हणजे नवलच.

१३ एप्रिल

आठवडाभर लेथवर घाम गाळला. दुसरं बूच बनवलं. त्याले खालून रबराचा ओठ आहे, तो भोकाच्या पलीकडं जाऊन फुगते. ओढून पायलं, माह्यानं दोन्ही हातांनी निघालं नाही. उद्या जयंती. पुसदहून माह्ये दादा-वहिनी येणार, म्हणून घर धुवायचं होतं. सकाळी नळ आले, टब भरला, छाती फुगवून कामावर गेलो.

दुपारी परत कोरडा. बूच परत काठावर. रबराचा ओठ खालून ओरबाडलेला, बारीक बारीक चिरा पडलेल्या.

माह्यं डोकं सणकलं. न्हाणीपाशी मैनी उभी दिसली अन मी तिले एक चापट मारली. प्रेरणा माह्यावर अशी धावली का विचारू नका. तिनं मैनीले टबात हात घालायले लावलं अन दाखवलं का पाह्य, लेकराचा हात अर्ध्यापर्यंतही पुरत नाही. खरंच पुरत नव्हता. मले लय वाईट वाटलं. मैनीले चॉकलेट आणून दिलं, ते तिनं मलेच अर्धं खाऊ घातलं.

आमच्या घरी देव नाही अन भूतही नाही. बाबा नेहमी म्हणत, घाबरायच्या आधी कारण शोध. कारण हे, का खालून दाब येते. मोरीच्या पाइपात हवा अडकत असेल. ती बूच वर ढकलते.

पण मग ते काठावर कोण ठेवते, ते अजून सुटलं नाही.

२१ एप्रिल

तिसरं बूच. माह्या हातानं आजवर इतकी चांगली वस्तू झाली नाही, हे मी माह्याच तोंडानं सांगतो. पितळेचं, वरून रबर, खालून आडवी पट्टी. किल्ली घालून पाव फेरा फिरवला का पट्टी भोकाखाली आडवी बसते. मग वरून ओढा का खालून ढकला, हलत नाही. किल्ली एकच, ती दोरीत ओवून माह्या गळ्यात.

नळ आले, टब भरला. दुपारी आलो तर टब भरलेला! काठोकाठ! मी मैनीले खांद्यावर घेऊन नाचलो. देवीलालभाऊले बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पाण्याकडं पाहत राह्यले. मग म्हणाले का दोनशे नग बनव. जाताना न्हाणीचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.

भाऊ गेल्यावर टबाखालून ठोकल्याचा आवाज आला. टक टक, टक टक. पाइपच असेल.

२४ एप्रिल

ठोकणं रोज आहे. बाराले सुरू होते अन दोनले थांबते. तेव्हा बाहेर इतकं ऊन असते का गल्लीत कुत्रंही नसते.

आज ओल्या पावलांचे ठसे दिसले. मोरीच्या भोकापासून निघून न्हाणीच्या दारापर्यंत. बाईचे पाय. प्रेरणाचे नाहीत, तिचा पाय मी ओळखतो.

मैनी न्हाणीबाहेर बसून रडत होती. तिचा झगा मागून ओला. पाठीवर, मानेखाली, पाच बोटं उमटल्यासारखा ओला. पुढून कोरडा ठणठणीत. काय झालं विचारलं तर म्हणते, काकूनं ओढलं. कोणती काकू, तर मोरीकडं बोट दाखवते.

प्रेरणाले सांगितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही — हो, भीतीच वाटली.

२५ एप्रिल

बिजलीबाईले विचारलं, या घरात आधी कोण होतं. म्हणे उकंडा नावाचा कामगार होता, गेला सोडून. अन त्याची बायको? ती पापड उलटवत बसली. दुसऱ्यांदा विचारलं तर उठून घरात गेली.

भाऊले विचारलं. म्हणे कामाकडं लक्ष दे.

आता दुपारी घरीच थांबतो. मैनी मांडीवर पायजे.

२६ एप्रिल

पायलं.

बारा वाजून गेले होते. मैनी मांडीवर होती, तहान लागली म्हणे, मी पाणी आणायले उठलो, माठापर्यंतच गेलो — वळलो तर ती न्हाणीच्या दारात. टबाकडं चालली होती. अन मोरीच्या भोकातून बोटं वर येऊन राह्यली होती. नखं नव्हती. नखांच्या जागी नुसतं मांस. मग मनगट. इतक्याशा भोकातून मनगट कसं — तो हात मैनीच्या झग्याकडं —

उचललं अन पळालो. चप्पल नाही घातली. अंगणात तळवे भाजले ते संध्याकाळी समजलं.

प्रेरणाले सारं सांगितलं. ती म्हणे आत्ताच्या आत्ता पुसदले जाऊ. मी म्हटलं, दोनशे नग होऊ दे, परत अकरा महिने घरी बसायची माह्यात हिंमत नाही. ती काही बोलली नाही. तिनं बोलायले पायजे होतं. मी ऐकलं असतं.

तिले माह्यं लेकरू पायजे. माह्यं एकुलतं एक लेकरू. देत नाही.

२७ एप्रिल

रस्ता एकच, मोरी. बूच तर तिच्यानं निघत नाही.

सिमेंट आणलं. मोरीचं भोक आतून भरलं. बाहेर भिंतीतून पाइप निघते, तेही तोंड भरलं. आंघोळीचं पाणी बादलीनं बाहेर फेकू. थापी मारताना खालून टक टक टक टक, इतकं जोरात का हाताले जाणवे. मी थांबलो नाही. शेवटी शेवटी ते ठोकणं वाटत नव्हतं, कोणी हातापाया पडून राह्यलं असं —

थांबलो नाही.

२८ एप्रिल

शांत. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. काहीच नाही.

जिंकलो. दोघंही दुपारभर झोपलो. किती दिवसांनी झोपलो.

२९ एप्रिल

सकाळी नळ आले. टब काठोकाठ भरून किल्ली फिरवली. प्रेरणा हसली, बाजारात गेली. आता पावणेएक.

बिजलीबाई आली होती. तिनं बाहेरून पाइपाचं सिमेंट पायलं. पायरीवर मटकन बसली. म्हणे हे काय केलं. मी म्हटलं, तुमची जी कोण आहे तिचा रस्ता बंद केला. तर ती रडायले लागली. मग बोलली, सारं बोलली, थांबेचना.

उकंडाची बायको शीला. तिचा दोन वर्षांचा पोट्टा याच टबात गेला, दुपारी, सारे झोपले असताना. मग ती गल्लीत घरोघरी शिरून टबांची बुचं काढायची. काढून काठावर ठेवायची. आठ दिवसांचं पाणी मोरीत. लोकांनी समजावलं, मग मारलं, मग मे महिन्यात साऱ्यांनी मिळून तिले याच न्हाणीत कोंडलं. भाऊनं कडी लावली. तिसऱ्या दिवशी उघडलं. मोरीचं भोक नखांनी उकरता उकरता मेली म्हणे, तशीच —

मी म्हटलं, मग माह्या पोरीले काहून ओढते ती?

बिजलीबाई म्हणाली, "न्यायले नाही ओढत बाबू. टबापासून मागं ओढते. आमच्या बी लेकराले दोनदा ओढलं, म्हून तर टब उपडे केले आमी. सांगाची हिंमत नाही झाली."

पदर तोंडात कोंबून गेली आत्ताच. मी उंबऱ्यात बसलो. लिहू दे. लिहिलं नाही तर समजणार नाही मले.

झगा मागून ओला. मागून. पुढून कोरडा. मैनी टबाकडं चालली होती अन हात मागून —

अन मी सिमेंट —

ठोकत होती ते बूच उघड म्हणून. सात दिवस. रोज. टब भरलेला अन ती खालून —

फोडतो. पहार आणतो अन आत्ताच फोडतो, टब रिकामा करतो, बनवले तितके सारे नग भंगारात —

मैनी इथंच वाटी-चमचा वाजवत होती. बिजलीबाईचं ऐकू येत नव्हतं म्हणून मीच ओरडलो तिच्यावर. आत जाऊन खेळ म्हटलं. गेली ती. आत.

वाटी वाजून नाही राह्यली.

कधीपासू